बीटल्स : एका वाद्यवृंदाचा उदय आणि भागीदारीचे विसर्जन (१९५७–१९७५)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरातील चार तरुणांना वगळता येत नाही. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांच्या ‘बीटल्स’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६२ मध्ये निघाली आणि १९७० मध्ये त्यांचे एकत्र काम थांबल्याचे जगाला कळले. मधल्या आठ वर्षांवर इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बराच भाग चाहत्यांनी चाहत्यांसाठी लिहिलेला असल्यामुळे वृंदाच्या विघटनाची मीमांसा भाऊबंदकीच्या भाषेत होत राहिली. कोण कोणावर रुसले, कोणाची पत्नी कोणास आवडली नाही, यापलीकडे ती फारशी जात नाही.

दिनांक ३१ डिसेंबर १९७० रोजी पॉल मॅकार्टनी यांनी आपल्या तिन्ही सहकाऱ्यांविरुद्ध आणि ॲपल या त्यांच्याच कंपनीविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयाच्या चॅन्सरी विभागात दावा दाखल केला. चौघांमधील भागीदारी विसर्जित करावी, ही त्यातील मागणी होती. वृंद मोडल्याची वार्ता तर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वतोमुखी झाली होती. जे मोडले आहे, त्यातून बाहेर पडण्यासाठी न्यायालयाची पायरी का चढावी लागली? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. मैत्री संपली म्हणून वृंद संपला, हे विधान खोटे नसले तरी अपुरे आहे. मैत्रीवर उभ्या राहिलेल्या या व्यवसायाला शोभेल अशी व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही, आणि जी उभी राहिली तिच्यातून बाहेर पडण्याची वाटच ठेवलेली नव्हती, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

लिव्हरपूल ते हॅम्बुर्ग

युद्धोत्तर ब्रिटनमधील दोन शासकीय निर्णयांचा बीटल्सच्या जन्माशी निकटचा संबंध आहे. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यामुळे सामान्य घरांतील मुलांना ग्रामर स्कूलची दारे खुली झाली. कापसाच्या पेढीवर विक्रीचे काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा मॅकार्टनी आणि बसचालकाचा मुलगा हॅरिसन हे दोघेही ‘लिव्हरपूल इन्स्टिट्यूट’मध्ये शिकले. दुसरा निर्णय सक्तीच्या लष्करी सेवेचा होता. १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेल्यांना ही सेवा करावी लागली नाही. लेनन आणि स्टार या दोघांचा जन्म १९४० चा. थोडक्या अंतराने ते या बंधनातून सुटले. अन्यथा उमेदीची दोन वर्षे बराकीत गेली असती आणि पुढचा इतिहास बहुधा घडला नसता.

६ जुलै १९५७ रोजी वूल्टन येथील सेंट पीटर्स चर्चच्या आवारात भरलेल्या जत्रेत सोळा वर्षांच्या लेनन यांची पंधरा वर्षांच्या मॅकार्टनी यांच्याशी ओळख झाली. मॅकार्टनी यांची आई १९५६ मध्ये कर्करोगाने दगावली होती. लेनन यांची आई १९५८ मध्ये रस्त्यावरील अपघातात गेली. पोरकेपणाचे हे साम्य पुढील सहजीवनाला कितपत कारणीभूत झाले, हे मोजता येणार नाही. पण दोघांनीही उत्तरायुष्यात त्याचा वारंवार उल्लेख केला. त्या वयातच आणखी एक बोली त्यांच्यात ठरली. दोघांपैकी कोणीही गाणे रचले तरी त्यावर नावे दोघांची घालावयाची. या तोंडी ठरावाला पुढे कोट्यवधी पौंडांचे मोल येणार होते.

ऑगस्ट १९६० मध्ये वृंद प्रथम जर्मनीतील हॅम्बुर्गला गेला. बंदरालगतच्या वस्तीतील क्लबांत रात्री कित्येक तास सलग वाजवावे लागे. राहण्याची सोय एका चित्रपटगृहाच्या मागील अंधाऱ्या खोल्यांत होती. नोव्हेंबरमध्ये हॅरिसन अठरा वर्षांचे नसल्याचे उघडकीस आले आणि त्यांची परत पाठवणी झाली. कलेच्या दृष्टीने हॅम्बुर्ग ही त्यांची तालीम होती, हे सर्वमान्य आहे. परंतु तेथे ते रोजंदारीवरचे वादक होते, ही बाबही ध्यानात ठेवावयास हवी. मालक सांगेल तितका वेळ वाजवावे आणि मिळेल ते घ्यावे, ही सवय त्यांना तेथे जडली. करार वाचण्याची सवय मात्र बराच काळ जडली नाही.

एपस्टाइन आणि करारांची पहिली पिढी

ब्रायन एपस्टाइन हे लिव्हरपूलमधील तबकड्यांच्या दुकानाचे चालक. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी दुपारी त्यांनी कॅव्हर्न या तळघरातील क्लबात हा वृंद ऐकला आणि काही आठवड्यांतच त्याचे व्यवस्थापन स्वीकारले. त्यांनी कातडी जाकिटे उतरवून मुलांना सूट चढवले, रंगमंचावर खाणेपिणे बंद केले आणि कार्यक्रमाच्या शेवटी लवून अभिवादन करण्यास शिकवले. १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीने घेतलेल्या चाचणीत वृंद नापास झाला. अखेर ईएमआयच्या पार्लोफोन या शाखेचे प्रमुख जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना घेतले. ऑगस्ट १९६२ मध्ये ड्रमवादक पीट बेस्ट यांना वगळून रिंगो स्टार यांना आणण्यात आले. ऑक्टोबरमध्ये पहिली तबकडी निघाली आणि ब्रिटनच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेली.

ईएमआयशी झालेला करार त्या काळच्या रीतीप्रमाणेच होता, म्हणजे कलावंतांना फारच प्रतिकूल होता. दोन्ही बाजूंची गाणी धरून एका तबकडीमागे एक पेनी स्वामित्वधन, आणि ती पेनी चौघांत वाटून घ्यावयाची. त्यातून व्यवस्थापकाचा हिस्सा वेगळा जाई. गीतांच्या प्रकाशनासाठी १९६३ मध्ये ‘नॉर्दर्न साँग्ज’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्यातील सुमारे निम्मा वाटा प्रकाशक डिक जेम्स आणि त्यांच्या भागीदाराकडे होता. उरलेल्यात लेनन, मॅकार्टनी आणि एपस्टाइन. आपलीच गाणी आपल्या हातून निसटत आहेत, हे त्या दोन तरुणांना सही करताना उमगले नाही. बीटल्सच्या नावाच्या वस्तू विकण्याचा परवाना देताना तर एपस्टाइन यांच्या कार्यालयाने नफ्यातील नव्वद टक्के परवानाधारकाला देऊन स्वतःकडे दहा टक्के ठेवले. बाहुल्या, टोप आणि बिल्ले यांच्या अमेरिकेतील प्रचंड खपाचा लाभ त्यामुळे भलत्यांनाच झाला.

या व्यवहारांवरून एपस्टाइन यांना अननुभवी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु पॉप संगीताचा इतका मोठा व्यवसाय त्यापूर्वी कोणीच हाताळला नव्हता. अनुकरण करावे असा नमुना समोर नव्हता. शिवाय चौघांत मतभेद झाल्यास ज्याच्याकडे जावे असे स्थान एपस्टाइन यांच्या रूपाने उपलब्ध होते. त्यांचे हिशेब कच्चे होते, पण त्यांच्या शब्दाला वजन होते. या दुसऱ्या गोष्टीचे मोल नंतर कळले.

कळस

९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी बीटल्सना पाहिले. ४ एप्रिल १९६४ च्या आठवड्यात ‘बिलबोर्ड’च्या यादीतील पहिली पाचही गाणी त्यांची होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे श्वेत आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांना वेगळे बसवणार असाल तर वाजवणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि ती मान्य झाली. पुढील ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून अधिक लोक जमले. किंकाळ्यांच्या गदारोळात स्वतःचे वादन त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हते.

१९६६ च्या दौऱ्यात मनिला येथे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचे निमंत्रण चुकल्यामुळे धक्काबुक्की झाली. लेनन यांच्या ख्रिस्तविषयक उद्गारांवरून अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर त्यांनी तिकीट लावून कधीच वाजवले नाही. पहिल्या अल्बमचा बहुतांश भाग फेब्रुवारी १९६३ मध्ये एका दिवसात मुद्रित झाला होता. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ला कित्येक महिने लागले. दौरे थांबल्याने कला बहरली. त्याचबरोबर चौघांना दिवसरात्र एकत्र बांधून ठेवणारी गोष्टही नाहीशी झाली.

हॅरिसन आणि मुंबई

वृंदातील विषमतेचा विचार करताना हॅरिसन यांच्यापासून आरंभ करणे उचित ठरेल. नॉर्दर्न साँग्जचे समभाग १९६५ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात आले, तेव्हा लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्के भाग राहिले. हॅरिसन आणि स्टार या दोघांकडे मिळून १.६ टक्के. म्हणजे हॅरिसन यांनी रचलेल्या गाण्यावर त्यांच्यापेक्षा त्यांच्या दोन सहकाऱ्यांना कंपनीमार्फत अधिक लाभ होई. अल्बममध्येही त्यांच्या वाट्याला सामान्यतः एखाददुसरे, फार तर तीन-चार गाणी येत.

भारतीय संगीताकडे त्यांचा वळलेला ओढा या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) या अल्बममधील त्यांच्या एका गाण्यात अनिल भागवत यांनी तबल्याची साथ केली आणि त्यांचे नाव वेष्टनावर छापले गेले. बाहेरच्या वादकाचे नाव देण्याची वृंदाची रीत नव्हती. हे आडनाव वाचून मराठी वाचकास कौतुक वाटल्यास ते अस्थानी ठरू नये. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आले आणि टोपणनावाने ताजमहाल हॉटेलात उतरले. बातमी फुटली, गर्दी लोटली. शेवटी पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि गुरुशिष्यांनी काश्मीरची वाट धरली. जानेवारी १९६८ मध्ये ते पुन्हा मुंबईस आले. फोर्ट विभागातील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी एका चित्रपटासाठी संगीत मुद्रित केले. शिवकुमार शर्मा यांच्यासारखे वादक त्यात सहभागी होते. त्याच मुद्रणांतील एका वाद्यरचनेवर, जिच्यात हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे, लंडनमध्ये शब्द चढवण्यात आले आणि मार्च १९६८ मध्ये ती बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस आली. वृंदाच्या छोट्या तबकडीवर हॅरिसन यांचे गाणे येण्याची ही पहिली वेळ होती.

सतारीवर प्रभुत्व मिळवणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हे हॅरिसन यांनी लवकरच ओळखले. परंतु लेनन-मॅकार्टनींच्या पलीकडेही एक संगीत आहे आणि त्यात आपल्याला आदराने शिकवणारा गुरू आहे, ही जाणीव त्यांच्या पुढील वागण्यात स्पष्ट दिसते. नॉर्दर्न साँग्जशी असलेला करार १९६८ मध्ये संपल्यावर त्यांनी तो पुन्हा केला नाही. महर्षी महेश योगी यांच्या हृषीकेश येथील आश्रमात १९६८ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चौघे गेले, ते मुख्यतः हॅरिसन यांच्या ओढीने. स्टार दहा-बारा दिवसांत परतले, मॅकार्टनी मार्चअखेर, आणि उरलेले दोघे एप्रिलमध्ये. एका प्रवासातून चौघांचे तीन वेळा निरनिराळे परतणे हे पुढील घटनांचे चिन्हच होते.

१९६७ चे भागीदारीपत्र

२७ जानेवारी १९६७ रोजी ईएमआयशी नऊ वर्षांचा नवा करार झाला. स्वामित्वधन बरेच वाढले. मात्र त्यातील २५ टक्के रक्कम एपस्टाइन यांच्या कंपनीकडे कराराच्या संपूर्ण मुदतीत जमा व्हावयाची होती. मोठ्या उत्पन्नावरील कराचा सर्वोच्च दर ब्रिटनमध्ये तेव्हा ९० टक्क्यांच्या वर होता. वैयक्तिक उत्पन्नाऐवजी कंपनीचे उत्पन्न दाखवणे हितावह होते. या सल्ल्यानुसार एप्रिल १९६७ मध्ये ‘बीटल्स अँड कंपनी’ ही भागीदारी अस्तित्वात आली. चौघांचे प्रत्येकी पाच टक्के, आणि उर्वरित ८० टक्के एका कंपनीचे. हीच कंपनी पुढे ‘ॲपल’ म्हणून ओळखली गेली. मुदत दहा वर्षांची.

या व्यवस्थेतील कळीचा भाग असा की, गीतलेखनाचे उत्पन्न वगळता चौघांनी एकत्र अथवा स्वतंत्रपणे मिळवलेला पैसा एकाच गल्ल्यात जावयाचा होता. एखाद्याने एकट्याने अल्बम काढला तरी त्याची कमाई सर्वांची. एकत्र कुटुंबात एक मुलगा परगावी नोकरीला लागला तरी त्याचा पगार घरातच यावा, तसा हा प्रकार होता. कुटुंब सलोख्याने नांदत असेपर्यंत त्यात गैर काहीच नव्हते.

२७ ऑगस्ट १९६७ रोजी एपस्टाइन औषधाच्या अतिसेवनाने मरण पावले. वय ३२. चौघे तेव्हा वेल्समधील बँगर येथे महर्षींच्या शिबिरात होते. कर्ता पुरुष गेला आणि गल्ला मात्र एकच राहिला.

डिसेंबर १९६७ मध्ये ॲपलने लंडनच्या बेकर स्ट्रीटवर कपड्यांचे दुकान थाटले. जुलै १९६८ अखेर शिल्लक माल फुकट वाटून ते बंद करण्यात आले. चित्रपट, इलेक्ट्रॉनिक्स, प्रकाशन अशा अनेक शाखा निघाल्या. तबकड्यांची शाखा उत्तम चालली. बाकीच्यांनी पैसा गिळला. ऑगस्ट १९६८ मध्ये स्टार रागावून दोन आठवडे निघून गेले. १० जानेवारी १९६९ रोजी हॅरिसन गेले आणि काही दिवसांनी परतले. त्याच महिन्यात लेनन यांनी ॲपल दिवाळखोरीच्या वाटेवर असल्याचे एका मुलाखतीत सांगून टाकले. ती वाचून न्यूयॉर्कचे ॲलन क्लाइन लंडनला धावले. रोलिंग स्टोन्सचे व्यवहार त्यांच्याकडे होते. लेनन यांनी त्यांना तात्काळ आपले प्रतिनिधी नेमले. हॅरिसन आणि स्टार यांनी अनुमोदन दिले. मॅकार्टनी यांना मात्र ली ईस्टमन आणि जॉन ईस्टमन हे वकील पितापुत्र हवे होते. ते लिंडा ईस्टमन यांचे वडील आणि भाऊ, म्हणजे मॅकार्टनी यांचे होऊ घातलेले सासरे आणि मेहुणे. तिघांनी या नावाला विरोध केला, यात आश्चर्य नाही. मॅकार्टनी यांना क्लाइन यांच्याविषयी वाटलेला संशय योग्य होता आणि तिघांना ईस्टमन यांच्याविषयी वाटलेली शंकाही वाजवी होती.

या भांडणात हाताशी असलेल्या गोष्टी एकेक करून गेल्या. एपस्टाइन यांची कंपनी फेब्रुवारी १९६९ मध्ये एका गुंतवणूक संस्थेला विकली गेली. मार्चमध्ये डिक जेम्स यांनी नॉर्दर्न साँग्जमधील आपले भाग लेनन-मॅकार्टनींना न विचारता एटीव्ही या दूरचित्रवाणी कंपनीस विकले. प्रतिकाराच्या वेळी मॅकार्टनी यांनी गुपचूप जादा भाग घेऊन ठेवल्याचे निष्पन्न झाले आणि लेनन संतापले. वर्ष संपण्यापूर्वी गाण्यांची मालकी एटीव्हीकडे गेली.

योको ओनो यांच्यावरील आरोप

विघटनाचे खापर लेनन यांच्या द्वितीय पत्नी योको ओनो यांच्यावर फोडण्याची परंपरा तत्कालीन ब्रिटिश वृत्तपत्रांनी सुरू केली. त्या स्वतः प्रस्थापित कलावंत होत्या, ही बाब त्या लेखनात क्वचितच येते. त्या जपानी होत्या, ही मात्र हमखास येते. स्टुडिओतील त्यांच्या सततच्या उपस्थितीने अवघडलेपण आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जानेवारी १९६९ च्या चित्रीकरणातून पीटर जॅक्सन यांनी २०२१ मध्ये सिद्ध केलेल्या सुमारे आठ तासांच्या माहितीपटात त्या बहुतांश वेळ वर्तमानपत्र वाचत शांत बसलेल्या दिसतात, आणि ताण दिसतो तो मॅकार्टनी यांच्या सूचना व हॅरिसन यांचा कोंडमारा यांच्यात. ओनो यांनी वृंद फोडला नाही, असे खुद्द मॅकार्टनी यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. प्रकाशकाने परस्पर विकलेले समभाग, कर वाचवण्यासाठी केलेले भागीदारीपत्र, दोन व्यवस्थापकांची ओढाताण या गोष्टी वाचकास रुक्ष वाटतात. एका परदेशी स्त्रीची कथा चटकन समजते. इतिहासलेखनाने सोपी कथा स्वीकारली, एवढेच येथे नोंदवले पाहिजे.

मौन, पत्र आणि दावा

२० सप्टेंबर १९६९ रोजी लेनन यांनी ॲपलच्या कार्यालयात आपण वृंद सोडत असल्याचे सांगितले. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीशी वाढीव स्वामित्वधनाचा करार त्याच सुमारास पक्का होत होता. फुटीची बातमी बाहेर गेली तर करार बिघडेल, म्हणून गुप्तता पाळण्याचे ठरले. वृंद संपला होता, पण संपल्याचे सांगण्याची मुभा नव्हती. ‘ॲबी रोड’ हा अल्बम सहा दिवसांनी निघाला आणि जगभर विकला गेला.

मार्च १९७० अखेर मॅकार्टनी यांचा एकट्याचा अल्बम तयार होता. ‘लेट इट बी’शी टक्कर नको म्हणून तो पुढे ढकलण्याचे ॲपलने ठरवले. लेनन आणि हॅरिसन यांनी संचालक या नात्याने तसे पत्र लिहिले आणि ते घेऊन स्टार स्वतः मॅकार्टनी यांच्या घरी गेले. कार्यालयीन पत्र नोकराच्या हाती पाठवणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. मॅकार्टनी यांनी त्यांना घराबाहेर काढले. चौघांतील सर्वांत निर्वैर मनुष्याची ही गत झाली. आणि त्यानेच परत येऊन, पॉलला त्याची तारीख देऊन टाका, असा आग्रह धरला. हा प्रसंग स्टार यांनी पुढे न्यायालयातील शपथपत्रात सांगितला. १७ एप्रिलला अल्बम निघाला. त्यासोबतच्या प्रश्नोत्तरांतून १० एप्रिलच्या वृत्तपत्रांनी फुटीची बातमी दिली. सोडून जाण्याचे आधी बोलले लेनन. जगाने मात्र दोष दिला तो मॅकार्टनी यांना.

त्या अल्बमचे उत्पन्न भागीदारीपत्राप्रमाणे सामाईक गल्ल्यात, म्हणजे व्यवहारतः क्लाइन यांच्या देखरेखीखाली जाणार होते. क्लाइन यांच्यावर थेट दावा लावण्यासारखा करारच मॅकार्टनी यांनी केला नव्हता. म्हणून मित्रांवर दावा लावण्याखेरीज मार्ग उरला नाही. १२ मार्च १९७१ रोजी न्यायमूर्ती स्टॅम्प यांनी भागीदारीच्या व्यवहारांवर जेम्स स्पूनर यांना रिसीव्हर म्हणून नेमले. निकालपत्रात क्लाइन यांच्या साक्षीवर आणि त्यांनी घेतलेल्या जादा दलालीवर कडक ताशेरे होते. १९७३ मध्ये उरलेल्या तिघांनीही क्लाइन यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेले.

हॅरिसन यांचा तीन तबकड्यांचा अल्बम नोव्हेंबर १९७० मध्ये आला. वर्षानुवर्षे साठलेली, वृंदात जागा न मिळालेली अनेक गाणी त्यात होती आणि ब्रिटन व अमेरिकेत तो अग्रस्थानी पोहोचला. त्याचेही उत्पन्न त्याच गल्ल्यात जाऊन अडकले.

तडजोडीच्या दस्तऐवजावर सह्या व्हावयास डिसेंबर १९७४ उजाडला. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात हॅरिसन आणि मॅकार्टनी वकिलांसह लेनन यांची वाट पाहत बसले. त्याच शहरात असूनही ते आले नाहीत. दहा दिवसांनी, २९ डिसेंबर रोजी, फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये मुलासह सुटीवर असताना त्यांनी आपली सही केली. ९ जानेवारी १९७५ रोजी लंडनच्या न्यायालयात भागीदारी कायदेशीररीत्या संपुष्टात आली. ॲपल कंपनी मात्र विसर्जित झाली नाही. लेनन यांची १९८० मध्ये हत्या झाली, हॅरिसन २००१ मध्ये निवर्तले. नोव्हेंबर २०२३ मध्ये लेनन यांच्या जुन्या घरगुती ध्वनिफितीवरून संगणकाच्या साहाय्याने त्यांचा आवाज वेगळा काढून पूर्ण केलेले एक गाणे ॲपलनेच बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध केले. त्यात हॅरिसन यांची १९९५ मध्ये मुद्रित केलेली गिटार आहे आणि मॅकार्टनी व स्टार यांचे नवे वादन आहे.